इगतपुरीचं इंजिन, रांजणगावचं इंजिन आणि आईचे गुडघे

ज्यांचे इअरफोन लोकलमध्ये हरवतात त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच लिहिलाय, फक्त 'ॲक्च्युअली' निम्मे कापलेत.

यावेळचा विषय माझ्या घरातून आला. मी भातसानगरचा. शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे ना, ज्याचं पाणी तुम्ही मुंबईत पिता, त्या धरणाची ही वसाहत. बाबा पाटबंधारे खात्यात होते, आता रिटायर झाले. आईचे गुडघे दुखतात, महिन्यातून दोनदा ठाण्याला डॉक्टरकडे जावं लागतं. म्हणजे आधी काळी-पिवळी जीप, मग आसनगाव स्टेशन, मग लोकल, तिथला जिना, मग रिक्षा. गेल्या पावसाळ्यात ती एकदा स्टेशनच्या जिन्यावर अर्ध्यात बसूनच राहिली. त्या रात्री बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "साडेतीन लाखांपर्यंत जाऊ. जुनी बघ, पण बघून घे."

मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे पहिल्यांदा काय केलं? एक्सेल उघडलं. तीन गाड्या निवडल्या. २०१४ ची बोलेरो, २०१३ ची फियाट लिनिया डिझेल, आणि २०१६ ची डिझायर पेट्रोल. बाबांचं मत बोलेरोवर ठाम, कारण खात्याच्या जीपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. मला मात्र लिनियाची किंमत बघून झोप लागेना. एवढी लांबलचक सेडान, डिझेल, आणि बोलेरोच्या निम्म्या भावात! का? हा 'का' शोधता शोधता मी जवळपास ८० वर्षं मागे गेलो.

सुरुवात जीपपासून करू. महिंद्रानी १९४७ पासून विलीज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. तेव्हाच्या जीप पेट्रोलच्या, सुमारे २.२ लिटरच्या. लष्कराच्या गाडीला ॲव्हरेज कोण विचारतो? पण १९७३ ला आणि पुन्हा १९७९ ला जगात तेलाचे भाव भडकले, आणि खेडोपाडी जीप चालवणाऱ्यांचं गणित फिसकटलं. १९७९ मध्येच महिंद्रानी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एका डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नाव एक्सडीपी ४.९०. ते इंजिन बनवायला जागा निवडली इगतपुरी. आमच्या दृष्टीने म्हणजे कसारा घाट चढलं की लगेच. लहानपणी नाशिकला जाताना बाबा दरवेळी बोट दाखवायचे, "आपल्या जीपचं इंजिन इथलं." मला वाटायचं खात्याचा कारखाना आहे!

आता ते ४.९० काय आहे बघा, मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः हसलो. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. आपण फाइलला नाव देतो तसंच. पिस्टन ८३ मिलिमीटर वर-खाली होतो, गुणाकार केलात की २,११२ सीसी येतं. टाटाचीही तीच पद्धत. सुमोचं ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर, १,९४८ सीसी. इंडिकाचं ४७५ म्हणजे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटर, १,४०५ सीसी. ४०७ टेम्पोतल्या ४९७ चं तुम्हीच ओळखा. गॅरेजमध्ये हे आकडे ऐकून घाबरायचो, आता रुबाबात बोलतो.

आणि जीपच्या पाठीवर ५४० डीपी लिहिलेलं असायचं त्यातलं डीपी म्हणजे डिझेल प्यूजो. आमच्या तालुक्यात पंचवीस-तीस वर्षं लोकांनी प्यूजोतून प्रवास केला आणि एकालाही पत्ता नाही.

ही जुनी डिझेल इंजिनं कशी होती? डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटायचं आणि मग सिलिंडरमध्ये पसरायचं. म्हणून आवाज त्यातल्या त्यात कमी, पण थंडीत सकाळी चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा जाईपर्यंत थांबायचं. डिसेंबरात आमच्या कॉलनीत सहा वाजता ड्रायव्हर मफलर गुंडाळून चावीला हात लावून बसलेला असायचा, ते चित्र अजून डोळ्यापुढे आहे. पंप सगळा यांत्रिक. त्याचे आणि नोझलचे सुटे भाग मायकोचे. नाशिकच्या मायको सर्कलला उतरणाऱ्या किती जणांना माहीत असतं की मायको म्हणजे आताची बॉश? २००८ मध्ये कंपनीचं नाव बदललं, सर्कलचं नाही बदललं. इलेक्ट्रॉनिक्स शून्य. किन्हवलीच्या रस्त्याला बंद पडली तरी पाना आणि वायर असली की गाडी घरी यायची.

बॉडीचंही तसंच. खाली लोखंडी शिडीसारखी चासी, वर पत्र्याची पेटी बोल्टनी बसवलेली. पेटी सडली तर वेल्डिंगवाला नवीन पत्रा ठोकायचा, चासी शाबूत. मागे समोरासमोर दोन बाक. नऊ जणांची परवानगी आणि सोळा जण बसलेले, दोन लटकलेले, टपावर कोंबड्यांची पाटी. जीप, ट्रॅक्स, नंतर सुमो, या सगळ्या एकाच घराण्यातल्या. ट्रॅक्स पुण्याच्या बजाज टेम्पोची, तिचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्याचं. सुमो १९९४ ला आली, आणि सुमो म्हणजे पैलवान नव्हे. टाटा मोटर्सचे सुमंत मूळगावकर यांच्या नावा-आडनावाची पहिली अक्षरं, सु आणि मू.

मुद्दा असा की तेव्हा डिझेल इंजिन आणि चासीवरची बॉडी ही जोडी होती. कार हवी असेल तर बहुतेक पेट्रोलच. मुंबईची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्यात बनलेली, १,०८९ सीसी, पेट्रोल. शेठ लोकांची आणि टॅक्सीवाल्यांची. ही जोडी कुणी तोडली? बऱ्याच अंशी इंडिकाने. १९९८ च्या शेवटी पिंपरी-चिंचवडमध्ये बनलेली छोटी हॅचबॅक आली, आणि डिझेलमध्ये! खडखड आवाज, ५३ च्या आसपास हॉर्सपॉवर, पण पंपावर गेलं की मालक हसायचा. त्याचं कारण इंजिनात कमी आणि दिल्लीत जास्त होतं.

इथे जरा थांबतो, कारण जुन्या गाड्यांच्या बाजाराचं गुपित इथेच आहे.

डिझेल स्वस्त ठेवायचं हे सरकारी धोरण होतं. ट्रक, एसटी, शेतीचे पंप डिझेलवर चालतात, भाव वाढला तर भाजीपासून सगळं महागतं. कल्पना शेतकऱ्याची, पण फायदा डिझेल कार घेणाऱ्यालाही. २६ जून २०१० ला पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे केले, डिझेलचे केले नाहीत. मग दरी वाढतच गेली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये लिटर. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! तेव्हा देशात निम्म्याहून जास्त नव्या गाड्या डिझेलच्या विकल्या जायला लागल्या होत्या. ज्यांचं महिन्याचं रनिंग चारशे किलोमीटर, तेही लाखभर जास्त देऊन डिझेल घेत होते. आमच्या नात्यातल्या एका काकांनी डिझेल सेडान घेऊन ती सहा वर्षं मुख्यतः सोसायटीत धुतली.

मग जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला ५० पैशांनी वाढवायला सुरुवात झाली, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं केलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, डिझेलचा धूर साफ करायचा खर्च एवढा की मारुतीने डिझेल बंदच केलं.

म्हणजे आज तुम्ही २०११ ते २०१४ ची डिझेल कार बघताय ना, ती त्या ३२ रुपयांच्या फरकाने जन्माला आलेली गाडी आहे. फरक गेला, गाडी उरली. म्हणून ती स्वस्त.

त्या काळातलं सगळ्यात मोठं इंजिन म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट. मोठं म्हणजे आकाराने नाही, पसाऱ्याने. १,२४८ सीसी, युरोपात २००३ ला आलं. यात जुना यांत्रिक पंप गेला. एका कॉमन पाइपमध्ये प्रचंड दाबाने डिझेल भरून ठेवायचं, आणि कॉम्प्युटर सांगेल तेव्हा इंजेक्टर उघडायचा, एका स्फोटासाठी अनेक वेळा, थोडं थोडं. म्हणून खडखड कमी आणि ॲव्हरेज जास्त. फियाट आणि टाटाच्या भागीदारीत ते पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. मारुतीने परवाना घेऊन मानेसरला बनवलं. जनरल मोटर्सने तळेगावला. नावं बघा: फियाटमध्ये मल्टिजेट, टाटामध्ये क्वाड्राजेट, मारुतीत डीडीआयएस. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, शेवरोले सेल, सगळ्यांत हेच. कुर्ल्यात एके काळी फियाट बनवणाऱ्या प्रीमियरने चिंचवडमध्ये रिओ काढली, तिच्यातही शेवटी हेच घातलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लायब्ररी म्हणतो. एकाने लिहायची, बाकीच्यांनी आपापल्या ॲपमध्ये टाकायची.

इथे मला वाटलं की लिनियाचं कोडं सुटलं. इंजिन स्विफ्टचंच, मग निम्म्या भावात स्विफ्टचं काळीज मिळतंय! रविवारी कल्याणला एका डीलरकडे गेलो. गाडी चकचकीत, मीटरवर ६२,००० किलोमीटर. सोबत शहापूरचे आमचे गॅरेजवाले काका होते. त्यांनी आधी बोनेटवर हात ठेवला. गरम. "गाडी आधीच सुरू करून ठेवली यांनी. थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायलाच आपण आलो होतो." मग ऑइलचं झाकण उघडलं, त्यातून धूर भकभक येत होता. क्लचचं पेडल घासून गुळगुळीत, स्टेअरिंगचं लेदर सोललेलं. "६२ हजारात एवढी झीज? दीड लाख तरी फिरलीय ही." डीलर म्हणाला मीटर ओरिजिनल आहे. सर्व्हिसचं रेकॉर्ड मागितलं तर ते नेमकं हरवलेलं.

पण काकांनी परत येताना सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. मी म्हटलं, "काका, दुसरी चांगली लिनिया शोधू. इंजिन तर सगळीकडे मिळतं." ते म्हणाले, "इंजिनाचं सामान उद्या सकाळी आणून देतो. पण हेडलाइट फुटला तर? दाराचं हँडल तुटलं तर? काच? ती स्विफ्टची नाही बसायची. महिना शोधत बसशील."

मी गप्प. फियाटने इथल्या गाड्या बंद केल्या, जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी दुकान आवरलं. इंजिन मारुतीमुळे जगलं, बॉडी पोरकी झाली. माझ्या एक्सेलमध्ये गाडीला एकच रांग होती. खरं तर दोन हव्या होत्या, इंजिनाची वेगळी आणि बॉडीची वेगळी. दोघांचा जन्म वेगळ्या कारणाने झालेला असतो आणि दोघं वेगवेगळ्या वेळी म्हातारे होतात.

बॉडीचं कारण काय असतं? आपल्याकडे एकच, चार मीटर. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या कारवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली. अट काय? लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. आठ टक्के म्हणजे काय छोटी गोष्ट नाही, त्यामुळे कंपन्यांनी कात्री काढली. डिझायर २००८ ला आली तेव्हा ४,१६० मिलिमीटर होती. २०१२ ला नवी आली ती ३,९९५. डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर. मागून बघितली की कुणीतरी दार जोरात लावून शेपूट चेपल्यासारखी दिसते, ते यामुळे. आपली बोलेरोसुद्धा सुटली नाही. २०१६ ला बोलेरो पॉवर प्लस आली, बंपर वगैरे आखडून ४,१०७ वरून ३,९९५ केलेली, आणि अडीच लिटरचं इंजिन जाऊन १,४९३ सीसीचं तीन सिलिंडरवालं आलं. म्हणजे बोलेरो बघताना २०१६ च्या आधीची की नंतरची, हे आधी विचारा. नाव एकच, यंत्र वेगळं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही छोटी गाडी कुठली हे ठरवणारी रेघ तीच राहिली. लिनिया ४,५६० ची, म्हणजे नवी असतानाच तिला करात सूट नव्हती.

आता पैशांकडे येतो. मला वाटलं होतं, आज डिझेलचा फायदा शून्य निघेल. मी चुकलो. महिना १,५०० किलोमीटर धरा, पेट्रोल कार १५ देते, तशीच डिझेल २० देते. २०१२ च्या दिल्लीच्या भावात पेट्रोलला ७,३०० आणि डिझेलला ३,०७५ लागायचे. २०२५ च्या भावाने पेट्रोल साधारण १०४, डिझेल ९० धरलं तर १०,४०० आणि ६,७५०. म्हणजे रुपयांत फरक अजूनही साडेतीन हजारांच्या वर आहे! फक्त तेव्हा पेट्रोलच्या शंभर रुपयांचं काम डिझेल ४२ मध्ये करायचं, आता ६५ मध्ये. ज्याचं रनिंग खरंच एवढं आहे, रोज मुरबाडहून कल्याणला जा-ये आहे, त्याने चांगल्या अवस्थेतली १.३ डिझेल घेतली तर मी नाही म्हणणार नाही.

पण बाबांचं रनिंग महिना ६०० च्या वर जाणार नाही. ठाणे दोनदा, शहापूरचा बाजार, सरळगावला आत्याकडे. तिथे वर्षाला वाचतात सतराएक हजार, आणि एकदा इंजेक्टर किंवा टर्बो गेला की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात साफ. (बीएस-६ नंतरची डिझेल घ्यायची असेल तर अजून एक. धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो लांबच्या पळीत तापून साफ होतो. दूध आणायला-सोडायला वापरलीत तर तुंबतो.)

आणि बोलेरो? ती डिझेल असली तरी १४ च्या वर देत नाही, कारण उंच पेटी आणि दीड टनाच्या वरचं वजन ओढतेय. ६०० किलोमीटरला ३,८५० रुपये. छोटी पेट्रोल हॅचबॅक १८ दिली तर ३,४७०. बाबांना हा आकडा तीनदा दाखवला. त्यांनी तीनदा चष्मा पुसला. "डिझेल असून?" डिझेल असून. इंधनाचा भाव इंजिन ठरवतं, पण किती जाळायचं ते बॉडी पण ठरवते.

तरी बाबा अडून होते, आणि त्यांचं चुकीचंही नव्हतं. बोलेरोचं सामान गल्लीत मिळतं, पावसात आमच्या रस्त्यांना उंची लागते. शेवटी ओळखीतल्या एकाची बोलेरो घरी आणली, आईला म्हटलं, बस. तिने पायरीवर पाय ठेवला, दांड्याला धरलं, आणि तिथेच थांबली. "नको रे. स्टेशनचा जिनाच दारात आणलास." मग शेजारच्यांच्या डिझायरमध्ये बसवलं. बसली पटकन, पण उठताना गुडघा वाजला, इतकी सीट खाली.

माझ्या एक्सेलमध्ये सीटच्या उंचीचा कॉलमच नव्हता.

मग वॅगन आर. खुर्चीवर बसावं तशी बसली, खुर्चीवरून उठावं तशी उठली. ही गाडी डब्यासारखी उभी का, माहितीये? १९९३ ची जपानी गाडी. जपानात अगदी छोट्या गाड्यांना करात सवलत, पण लांबी तेव्हा ३.३ मीटर आणि इंजिन ६६० सीसीच्या आत हवं. लांबी वाढवता येत नाही, रुंदी वाढवता येत नाही, मग सुझुकीने वर जायला सुरुवात केली. १९९९ च्या शेवटी ती आपल्याकडे मोठं इंजिन घालून आली. म्हणजे जपानच्या सरकारने गाड्या आखूड केल्या, आणि त्यामुळे भातसानगरला माझ्या आईचा गुडघा वाजत नाही.

२०१६ ची घेतली, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, एकाच मालकाची. सकाळी सात वाजता जाऊन थंड इंजिन सुरू करून बघितलं, सर्व्हिसचं रेकॉर्ड बघितलं, आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का ते बघितलं. पैसे उरले, त्यातून चारही टायर नवीन. खटकतं ते एकच, २०२३ च्या आधीच्या गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, त्यामुळे रबरी पाइपांवर लक्ष ठेवायला काकांनी सांगितलंय.

गेल्या महिन्यात नाशिकला गेलो. कसारा घाटात गाडी जरा दमली, सेकंडला आणावी लागली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त एसी बंद केला. इगतपुरी आली तेव्हा सवयीने बोट वर गेलं. आई मागून म्हणाली, "माहितीये, आपल्या जीपचं."

तुमच्या घरी किंवा गावात कुणाकडे जुनी ५४० डीपी चालू अवस्थेत असेल, तर सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. हीटरचा दिवा जाईपर्यंतची शांतता कापू नका. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला तोच लावतो.